निळा धूर, आठ डबे

आधी धूर आला आणि मग त्या धुरातून व्हॅन आली.

सनोबरनं तो गल्लीच्या तोंडाशीच हेरला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात एकात एक अडकवलेले चार पियाले, शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर वडलांचा जुना कोट, त्याच्या बाह्या तीनदा दुमडलेल्या. अशा थाटात ती जागच्या जागी उडी मारून ओरडली, "निळा! दादाजान, निळा येतोय!"

"आधी किटली खाली ठेव," एका गाडीखालून तिच्या वडलांचा, म्हणजे एर्गाश उस्तांचा आवाज आला. "परवा काळा आला म्हणून नाचलीस, तेव्हा निम्मा चहा माझ्या बुटात गेला."

"पण काळाच होता ना?"

"होता की. पण बूट एकच जोड आहे माझ्याकडे."

मर्गिलानच्या कालव्याकाठी, तुतीच्या दोन झाडांखाली एर्गाश उस्तांचं गॅरेज होतं. सनोबर तिथंच रांगायची, तिथंच चालायला लागली आणि पाढे पाठ व्हायच्या आधी धूर ओळखायला शिकली. काळा धूर म्हणजे हावरट इंजिन. पेट्रोल ढोसतंय पण पोटात हवा जात नाही. पांढरा धूर म्हणजे रडकं इंजिन. कुठून तरी आत पाणी शिरतंय. थंडीच्या सकाळी सगळ्याच गाड्या थोडा वेळ पांढरं पांढरं सोडतात, ते रडणं खोटं, पाच मिनिटांत थांबतं. दहा मिनिटं झाली तरी थांबलं नाही, तर मात्र ते खरं दुखणं. आणि निळा? निळा म्हणजे तेल जळतंय. निळ्याला गॅरेजात सगळे घाबरायचे, कारण निळ्या धुराची गोष्ट बहुतेक वेळा इंजिन खोलण्यापर्यंत जायची.

आपल्याला हे सगळं येतं याचा खुद्द सनोबरलाच गेल्या महिन्यापर्यंत नीट पत्ता नव्हता. शाळेत ती मान खाली घालून भिंतीकडेनं जाणारी मुलगी. मग एक दिवस फाटकाशी गणिताच्या बाई मुहय्यो ओपा आपली गाडी चालू करत होत्या. धूर पांढरा, वास गोडसर. सनोबरच्या तोंडून निघूनच गेलं, "ओपा, तुमच्या इंजिनात पाणी शिरतंय. लांब जाऊ नका." ओपा हसल्या, तिच्या गालाला हात लावला आणि निघून गेल्या. फरगानाच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत त्यांची गाडी चहाच्या समोवारसारखी उकळायला लागली! दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्या म्हणाल्या, "काल माझं उत्तर चुकलं आणि सनोबरचं बरोबर आलं." बस्स. तेव्हापासून सनोबरची मान जी वर झाली होती, ती खाली यायचं नावच घेत नव्हती.

गॅरेजात मात्र ती अजून चहावालीच होती. शाळा दुपारच्या पाळीची, म्हणून सकाळी चहा करायचा, पाने-पक्कड पुसून ठेवायचे, आणि रंग बघून ओरडायचं. पुढचं सगळं मोठ्यांचं काम.

तर व्हॅन आली. पावाच्या लादीसारखी चौकोनी, पांढरी आणि मागून भट्टी पेटल्यासारखी धुमसणारी. तिच्यातून हमदम आका उतरले. मर्गिलानात लग्न म्हटलं की पुलाव, आणि पाचशे माणसांचा पुलाव म्हटलं की हमदम आका. माणूस स्वतःही कढईसारखाच, रुंद आणि खोल. पण आज त्यांची टोपी मागे सरकली होती आणि कपाळावर घाम होता.

"उस्ता, वाचवा मला! काल दुपारपासून हे असं चाललंय. चौकात उभा राहिलो तर लोक काच ठोठावून सांगतात, आका, तुमच्या गाडीत काहीतरी करपतंय!"

एर्गाश उस्ता हात पुसत बाहेर आले. त्यांनी हमदम आकांना गाडी चालू ठेवून जोरात रेस द्यायला लावली. भुस्सकन निळा लोट निघाला. कालव्यावरची बदकंसुद्धा पलीकडच्या काठाला गेली. उस्तांनी धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी फडकं धरलं, उलटून बघितलं, तेलकट ठिपके बघून मान हलवली. मग पुढची सीट उचलली, कारण या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. तेल मोजायची सळई ओढली, नुसती नजर टाकली, "तेल भरपूर आहे," म्हणाले आणि सळई परत खोचली.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," त्यांनी निकाल दिला. "नवरोजच्या आधी सांगितलं होतं की नाही मी? या वर्षी रिंगा जातील म्हणून? इंजिन उतरवायला लागेल. तीन दिवस. चार धरून चाल."

हमदम आका मटकन टायरच्या चळतीवर बसले.

"चार दिवस? उस्ता, उद्या पहाटे रिश्तानला लग्न आहे! कुणाचं म्हणाल तर माझ्या उस्तादांच्या नातवाचं. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली मी गाजरं कापली. आता त्यांचे हात थरथरतात. घरी बोलावून म्हणाले, हमदम, ही कढई तू चढवायचीस, मी नुसता बसून बघणार. आणि मी काय निरोप पाठवू? गाडी धूर सोडते म्हणून येत नाही?"

"दुसरी गाडी बघ."

"लग्नसराईत? आज मर्गिलानात चार चाकांचं काही मोकळं असलंच तर ते बाळाचं गाडं असेल! कढई या गाडीत, तांदूळ या गाडीत, तेलाचे डबे या गाडीत. तसाच जातो ना चाळीस किलोमीटर. परवा परत येतो, मग काय उघडायचं ते उघडा."

"आणि मध्येच इंजिन जाम झालं म्हणजे? मग तू, तुझी कढई आणि पाचशे माणसांचा तांदूळ रस्त्याच्या कडेला. सगळं इंजिनच मग फेकावं लागेल." उस्तांचा आवाज जरा खाली आला. त्यांना वाईट वाटत होतं, पण धुराला काय वाईट वाटतं? "बस. चहा पी. चहा झाला की मी इंजिन खाली घेतो."

टायरच्या चळतीच्या पलीकडे पंक्चरवाले तुर्गुन आका बसले होते. ते रोजच बसलेले असत. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते इथं, आणि असलं की गिऱ्हाईकच त्यांना शोधत इथं. "हमदम," ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "पुलाव गाडीच्या नळीवरच शिजव ना. सरपण वाचेल."

"तुझी जीभ शिजवतो आधी," हमदम आका म्हणाले.

सनोबर किटली घेऊन व्हॅनच्या मागून वळली आणि थबकली.

वास. इंजिन बंद झालं होतं, पण धूर अजून तुतीच्या फांद्यांत अडकला होता, आणि त्याला एक वास होता. जळक्या तेलाचा तो नाकात चावणारा, घशात बसणारा घाणेरडा वास तिच्या ओळखीचा होता. तोही होताच. पण त्याच्यावर दुसरा एक वास तरंगत होता, गरम, जाड, आणि, आता काय सांगावं, भूक लावणारा! लग्नघरी पहाटे मोठी कढई तापते, तिच्यात सरकीचं तेल तापून धुरावायला लागतं आणि कांदा अजून पडायचा असतो, त्या वेळचा वास.

"दादाजान, तुम्हाला वास येतोय?"

"कसला?"

खरं म्हणजे हा प्रश्नच चुकीचा होता. तीस वर्षं पेट्रोलमध्ये हात घालून एर्गाश उस्तांच्या नाकानं कधीच संप केला होता. घरी भात लागला तरी त्यांना आवाजावरून कळायचं.

"कढईचा. पुलावाचा."

तुर्गुन आका ठो ठो हसले. "व्वोय, काय शोध लावला पोरीनं! आचाऱ्याच्या गाडीला पुलावाचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?"

हमदम आकाही कसनुसं हसले. "माझ्या उशीलासुद्धा येतो गं पोरी, किझिम. बायको रोज ओरडते."

आणि तिथंच सगळे फसत होते. सकाळपासून ज्याला ज्याला वास आला, त्या प्रत्येकानं तो त्या गाडीचा नेहमीचाच वास म्हणून सोडून दिला होता. सनोबरही सोडणार होती. ती चहा ओतायला बसली. पण गाडीचा वास गाडीच्या दारातून यायला हवा, तो मागच्या नळीतून कसा येतो? तिनं पियाल्यात चहा ओतला आणि परत किटलीत ओतला. चहा असा तीनदा उलटायचा असतो, मगच तो मुरतो. एरवी सनोबर एकदा उलटून मोकळी व्हायची. आज तिनं तीनदा उलटला, आणि कुणी बघत नाही असं पाहून चौथ्यांदाही. चहा संपला की इंजिन खाली येणार होतं.

पियाले पुरुषांच्या हातात गेल्यावर ती गुपचूप व्हॅनच्या पुढच्या दाराशी गेली. सीट अजून वर उचललेली होती. तिनं सळई ओढली, कोटाच्या बाहीला पुसली, परत घातली, परत ओढली.

तेल खुणेच्या वर होतं. थोडंथोडकं नाही, दोन बोटं वर.

आता जरा हिशेब बघा. रिंगा गेल्या म्हणजे इंजिन तेल पिणार. पिणार म्हणजे तेल कमी होणार. इथं तर वाढलंय! आणि काल दुपारपासून धूर. रिंगा काय एका दुपारीत म्हाताऱ्या होतात?

उस्ताचं बोलणं चारचौघांत खोडायचं नसतं. त्यातून उस्ता म्हणजे वडील. त्यातून आपण चहावाल्या. संध्याकाळी घरी हळूच सांगितलं असतं तर चाललं असतं, पण संध्याकाळी इंजिन जमिनीवर असणार आणि हमदम आका आपल्या उस्तादांसमोर खाली मान घालून उभे असणार. खाली मान कशी वाटते हे सनोबरला चांगलं ठाऊक होतं. शाळेत नऊ वर्षं घालून बघितली होती तिनं.

ती सळई हातात धरून, जेवणाचं ताट आणावं तशी सरळ वडलांसमोर आली.

"दादाजान, इंजिन उतरवू नका."

तुर्गुन आकांचा पियाला ओठांपाशीच थांबला.

"काय म्हणालीस?" उस्तांनी विचारलं.

"रिंगा गेल्या असत्या तर तेल खाली गेलं असतं. हे बघा. वर आलंय."

"त्यानं वरून घातलं असेल. गाडी चालवणारी माणसं घालतात."

"घातलं ना!" हमदम आका म्हणाले. "काल पहाटे दिवा लागला तेलाचा, म्हणून घातलं. जरा जास्तच पडलं, अंधार होता."

"बघा! आणि धूर कधीपासून?" सनोबरचा आवाज आता कालव्यापलीकडे ऐकू जात होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "तेल घातल्यानंतर! म्हणजे प्रश्न हा आहे की, हमदम आका, तुम्ही नक्की काय घातलंत?"

"काय घातलं म्हणजे? तेल!"

"कसलं?"

तुर्गुन आका सावरून म्हणाले, "अरे एर्गाश, तुझी चहावाली तर कोर्टात वकील व्हायची! चल, उचल पाना, नाहीतर ती आपल्याला सगळ्यांना आत टाकेल."

एर्गाश उस्ता उठले. पाना त्यांनी उचललाही. त्यांनी मुलीकडे बघितलं, सळईकडे बघितलं. सनोबरला वाटलं, झालं, आता म्हणतील, जा, दफ्तर भर. पण ते बराच वेळ त्या सळईकडेच बघत राहिले. दोन बोटं वर आलेलं तेल त्यांनाही आता दिसत होतं. मघाशी त्यांनी तेच पाहिलं होतं, फक्त मनात रिंगा आधीपासून ठरलेल्या होत्या.

"माझं नाक मेलंय," ते सावकाश म्हणाले. "मला तू वास दाखवू शकत नाहीस. सिद्ध कसं करणार?"

"मी नाही करणार," सनोबर म्हणाली. "हमदम आका करतील. तापलेल्या तेलाचा धूर त्यांच्याइतका कुणाला कळतो?"

हे मात्र खरं होतं. तेल किती तापलं, कांदा कधी टाकायचा, हे हमदम आका कढईत न बघता, नुसत्या धुरावरून सांगायचे. त्यांची सगळी अब्रू त्या एका क्षणावर उभी होती.

सनोबरनं चहाच्या शेगडीवर पत्र्याचा एक तुकडा ठेवला. तो चांगला तापल्यावर गॅरेजच्या पिंपातल्या कोऱ्या इंजिन तेलाचे दोन थेंब टाकले. चर्रर्र! सगळ्यांनी नाकं मुरडली. उस्तांनीही, लाजेखातर. मग पत्रा पुसून तिनं सळई तिरकी धरली. एक थेंब. दोन थेंब. बारीक निळा धागा वर चढला.

हमदम आका वाकले. डोळे मिटले. त्यांचं भलंमोठं नाक त्या धाग्यापाशी गेलं, तसं गॅरेज गप्प झालं. बदकंही.

"खाली इंजिनाची घाण आहे," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांचे डोळे खाडकन उघडले. "वर माझी कढई आहे! सरकीचं तेल! अरे, आता कांदा टाकायची वेळ झालीय याला!"

सनोबरनं उडी मारायची नाही असं ठरवलं होतं. तरीही मारलीच.

हमदम आका धावत व्हॅनकडे गेले आणि सीटमागून पाच लिटरचा एक प्लास्टिकचा डबा घेऊन आले, निम्मा रिकामा. बूच काढून हुंगला आणि कपाळावर हात मारून घेतला. "हेच ओतलं मी काल, मागच्या लग्नातून उरलेलं. शुद्ध सरकी!"

"इंजिनाचं तेल सरकीच्या डब्यात कशाला ठेवायचं माणसानं?" तुर्गुन आकांनी विचारलं.

"मी नाही ठेवलं! उस्तांनीच गेल्या महिन्यात पिंपातून भरून दिलं, मी आणलेल्या डब्यात!"

आता सगळ्यांच्या माना एर्गाश उस्तांकडे वळल्या. उस्तांच्या गॅरेजात पिंपातलं सुटं तेल मिळायचं आणि गिऱ्हाईक जे भांडं आणेल त्यात ते भरून द्यायचे. कुणी बाटली आणायचं, कुणी बरणी. हमदम आकांकडे दुसरं काय असणार?

"भरून दिलं," उस्ता म्हणाले आणि त्यांनी कान चोळला. "बूचही मीच घट्ट लावलं."

तुर्गुन आका हसायला लागले, हमदम आकाही लागले, आणि मग सनोबरनं अगदी सहज विचारलं, "मग इंजिनाचा डबा कुठाय?"

हसणं जागच्या जागी विझलं.

हमदम आकांचा चेहरा असा पांढरा झाला की त्याचंही निदान करावं लागलं असतं. ते हळूहळू व्हॅनच्या मागच्या दाराकडे वळले. आत उपडी कढई, तांदळाची पोती, आणि कढईच्या कडेनं ओळीत उभे आठ डबे. एकाच मापाचे, एकाच रंगाचे. सगळ्यांची बुचं लाल.

"आठ," ते पुटपुटले. "मी बाजारातून सातच आणले होते. म्हटलं, दुकानदारानं एक जास्त दिला, भला माणूस." मग ते ओरडलेच. "उद्या पहाटे मी आठही डबे कढईत उपडे करणार होतो! एकदम! उस्तादांसमोर!"

त्यानंतर गॅरेजात जे झालं त्याला झुंबड म्हणतात. आठही डबे तुतीखाली मांडले. हमदम आका एकेक बूच काढून हुंगायला लागले, पण त्यांच्या नाकात मघाचा धूर इतका बसला होता की त्यांना प्रत्येकच डब्याला इंजिनाचा वास यायला लागला. उस्ता तेल चिमटीत घेऊन चोळून बघत होते. सनोबर म्हणाली, "थांबा, मी पत्रा तापवते."

"पत्रा कशाला?" तुर्गुन आका पुढे सरसावले. "चाळीस वर्षं पुलाव खातोय. जीभ आहे ना माझी!" आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी पाचव्या डब्यात बोट बुडवून चोखलं.

त्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक, मग त्यांना डोळेच उरले नाहीत. ते तसेच कालव्याकडे पळाले.

"पाचवा," सनोबर म्हणाली.

हमदम आका पोट धरून हसले. पोट बरंच होतं, त्यामुळे बराच वेळ हसले. पण उस्ता हसले नाहीत. त्यांनी पाचवा डबा बाजूला ठेवला, त्याच्या पोटावर खडूनं मोठी फुली मारली, आणि तेल सोडायच्या बोल्टाचा पाना सनोबरपुढे धरला.

"निदान ज्याचं, बोल्ट त्याचा," ते म्हणाले.

सनोबर आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी गाडीखाली गेली. बोल्ट हलेना. तिनं दोन्ही पाय चाकाला टेकवून असा काही जोर लावला की तो कर्र करून सुटला आणि काळ्या-सोनेरी तेलाची धार तिच्या दुमडलेल्या बाहीत शिरली. तिला पर्वा नव्हती! मग स्वस्तातलं तेल घालून इंजिन धुतलं, नवा फिल्टर लावला, खुणेपर्यंत कोरं तेल भरलं. प्लग काढून पुसले. तेलाची वाफ एअर फिल्टरच्या डब्यात नेणारी नळी तर तुपाच्या बरणीसारखी बरबटली होती, तीही स्वच्छ केली. तासभर गेला. तोवर गल्लीतली पाच-सहा माणसं जमली होती. तुर्गुन आका कोपऱ्यात मिठाच्या पाण्यानं चुळा भरत होते.

"लाव," उस्ता म्हणाले.

हमदम आकांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, घरघरलं, चालू झालं, आणि मागून भुस्सकन लोट निघाला.

निळा.

माणसांमधून एक "अरेरे" निघालं. हमदम आकांचे खांदे पडले. तुर्गुन आकांनी तोंडातली चूळ थुंकली. ही संधी त्यांना सोडवेना. "झालं! माझी जीभ गेली आणि धूर जिथल्या तिथंच! एर्गाश, घे बाबा इंजिन खाली."

एक क्षण, एकच क्षण, सनोबरची मान खाली जायला लागली. पण नाक तिथंच होतं ना! आणि नाक सांगत होतं, हा वास जुना आहे. नळीत बसलेला, सायलेन्सरच्या पोटात साचलेला. दोन दिवस सरकी प्यायलेली नळी अशी एका मिनिटात कशी शुद्धीवर येईल?

"हा धूर इंजिनाचा नाही," ती म्हणाली. आवाज जरा थरथरला, म्हणून तिनं परत, मोठ्यानं म्हटलं. "हा सायलेन्सरचा आहे. तापवून जाळून टाकायला हवा. इथं उभ्या उभ्या नाही जळणार. रस्त्यावर न्यायला हवी गाडी."

"आणि रस्त्यावरही नाही गेला तर?" हमदम आकांनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

सनोबरनं वडलांकडे बघितलं. एर्गाश उस्तांनी इंजिनावरची सीट खाली पाडली, धप्पकन. वरून हात झटकले.

"तर मी उद्यापासून पंक्चर काढीन," ते म्हणाले, "आणि तुर्गुन इंजिनं खोलेल. हमदम, सरक. गाडी मी चालवतो. सनोबर, तू मागे बस. रंग सांगत राहा."

मागे बसायला जागा कुठं होती? पोती, डबे, आणि मधोमध ती कढई. हमदम आकांनी एका झटक्यात कढई सुलटी केली, तिच्यात पोतं अंथरलं आणि सनोबरला उचलून आत बसवलं. मागचं दार वर उचलून दोरीनं बांधलं. अशी आमची सनोबर, पाचशे माणसांच्या कढईत मांडी घालून, पाठ गाडीकडे आणि तोंड जगाकडे, मर्गिलानच्या रस्त्यावरून निघाली.

"रंग?" पुढून उस्ता ओरडले.

"निळा!"

कालव्याचा पूल आला. रेशमाच्या दुकानातल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या.

"रंग?"

"निळाच!"

"किती?"

"मघापेक्षा... जास्त!"

हमदम आकांनी मोठ्यानं अल्लाचं नाव घेतलं. उस्तांनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. इंजिन किंचाळलं. मागून असा ढग सुटला की मागची गाडी भोंगा वाजवत बाजूला झाली. सनोबरचे डोळे चुरचुरले, पण ती पापणी हलवायला तयार नव्हती. कढईच्या काठाला तिनं दोन्ही हातांनी पकडलं होतं. जळ, ती मनात म्हणत होती. जळ, जळ, जळून जा.

पेट्रोलपंप गेला. डाळिंबांची बाग गेली. आणि मग ढगाला मध्येच एक भोक पडलं.

आधी तिला वाटलं डोळ्यांतल्या पाण्यामुळे तसं दिसतंय. तिनं बाहीनं डोळे पुसले, म्हणजे गालावर तेल फासलं. ढग विरळ झाला होता. त्याच्यातून मागच्या गाडीचा नंबर वाचता येत होता. मग ड्रायव्हरची टोपी दिसली. मग त्या टोपीवरची पांढरी नक्षी.

"सनोबर! रंग?"

"फिकट!"

"फिकट काय?"

"फिकट निळा! थांबा! नाही, थांबू नका! दाबा!"

उस्तांनी दाबलं.

रस्ता मागे पळत होता. स्वच्छ राखाडी रस्ता, कडेची चिनारांची रांग, त्यामागे दूरवर डोंगरांचं बर्फ. सगळं इतकं लख्ख दिसत होतं की जणू कुणी काच पुसली. नळीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती, आणि तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. नाकाला आता फक्त गवत आणि शरदातली माती.

"रंग? अगं बोल की!"

ती कढईत उभी राहिली, डोकं छपराला आपटलं, आणि गळ्यातून निघेल तेवढ्या आवाजात ओरडली, "रंग नाही! दादाजान, रंगच नाही! काही नाही, काही नाही, काही नाही!"

पुढे हमदम आकांनी डॅशबोर्डवर दोन्ही हातांनी ढोल बडवायला सुरुवात केली. उस्तांनी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. मागच्या गाडीतल्या माणसाला काहीच कळलं नव्हतं, पण आनंद बघून त्यानंही आपला भोंगा दाबला.

परत येताना उस्तांनी गाडी गॅरेजकडे न वळवता शाळेच्या रस्त्याला घातली, कारण दुपारची पाळी भरायला पाच मिनिटं उरली होती. फाटकाशी सगळी शाळा उभी. काळे स्कर्ट, पांढरे ब्लाउज, आणि समोर एका व्हॅनच्या उघड्या पोटात, कढईत उभी असलेली, तेलानं माखलेली सनोबर. मुहय्यो ओपांच्या हातातली वह्यांची चळत कलंडली.

हमदम आकांनी तिला कढईतून उचलून खाली ठेवलं, अदबीनं, जसं काही पहिलं ताट ठेवत होते. "लग्नातल्या पहाटेच्या पुलावाला फक्त पुरुष असतात," ते म्हणाले, "पण कढई माझी असते. कढईशेजारी माझ्या उस्तादांजवळ तुझी जागा. मी त्यांना सांगणार, ही बघा, हिनं तुमच्या नातवाचं लग्न वाचवलं. आणि पाचशे पोटं."

एर्गाश उस्ता खिडकीतून बाहेर वाकले. शाळेसमोर, मुलींसमोर, ओपांसमोर. त्यांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. इंजिनाच्या आवाजाहून वरच्या पट्टीत बोलावं लागलं म्हणून असेल, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आज मी चुकलो होतो आणि ही बरोबर होती," ते म्हणाले. मग तिला, "सुटली की सरळ गॅरेजवर ये. एक मॉस्कविच गाडी येऊन पडलीय. मला धूर पांढरा दिसतोय, पण वास गोड आहे की नुसती वाफ, ते मला कळत नाही. तू आल्याशिवाय मी तिला हात लावत नाही."

"चहा कोण करेल मग?" सनोबरनं विचारलं.

"तुर्गुन. त्याला तोंडाची चव बदलायचीच आहे."

व्हॅन निघाली. एकाच वेळी सगळ्या शाळेनं तिच्या नळीकडे बघितलं. काहीच दिसलं नाही. त्या काहीच न दिसण्याचा किती अभिमान वाटावा! सनोबर वळली, कोट खांद्यावर टाकला आणि मान वर करून, सगळ्यांच्या मधून, फाटकातून आत गेली. स्कर्टच्या मागे कढईचा पोळीएवढा तेलकट गोल डाग उमटला होता. कुणीतरी सांगितलंही.

"माहितीय," ती न थांबता म्हणाली. "सरकीचं आहे."